वाफ नव्हे, फवारा



सर्दी झाली की आपल्याकडे आजी पातेल्यात पाणी उकळते, त्यात चिमूटभर ओवा टाकते आणि नातवाच्या डोक्यावर चादर घालून त्याला वाफारा घ्यायला लावते. भाताला वाफ आली की घरात जेवणाची चाहूल लागते. धूर म्हटला की डोळे चुरचुरतात, वाफ म्हटली की बरे वाटते. आपल्या भाषेत ‘वाफ’ ह्या शब्दाचे कुणाशी वैर नाही. गेल्या काही वर्षांत शाळकरी मुलांच्या हाती जी एक नवी वस्तू येऊ लागली आहे, तिने नेमका हाच भला शब्द उचलला आहे. ‘व्हेपर’ म्हणजे वाफ, त्यावरून त्या वस्तूला म्हणतात ‘व्हेप’. कायद्याच्या भाषेत तिचे नाव इलेक्ट्रॉनिक सिगारेट. मुलाला हटकले तर तो सरळ सांगतो, “सर, ही सिगारेट नाही. ह्यात तंबाखू नाही, धूर नाही. नुसती वाफ आहे.”

ह्या एका वाक्याला शिक्षकाने काय उत्तर द्यावे, एवढ्यापुरतेच आज मी बोलणार आहे. उत्तर वाटते तितके सोपे नाही. कारण मुलाच्या वाक्यात अर्धे खरे आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. दिसायला ती पेनासारखी, पेन-ड्राइव्हसारखी किंवा रंगीत खोडरबरासारखी असते. आत एक लहान बॅटरी, तारेचे एक बारीक वेटोळे आणि थोडा द्रव असतो. तोंडाने ओढले की वेटोळे तापते, द्रव उडतो, क्षणात निवतो आणि त्याचे धुके होऊन छातीत जाते. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे दोन बुळबुळीत पदार्थ, आंबा, पुदिना, बबलगम असले काहीतरी वास-चवीचे मिश्रण आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. आजच्या स्वरूपातील हे उपकरण २००३ साली होन लिक नावाच्या एका चिनी औषधतज्ज्ञाने तयार केले. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते. हेतू वाईट नव्हता. पण माणसाने केलेली वस्तू हेतूच्या गावाला क्वचितच जाते.

नव्या यंत्रातून जुना तंबाखू येण्याची आपल्या देशातली ही पहिलीच वेळ नव्हे. १६०४च्या सुमारास असद बेग हा मोगल सरदार विजापूरहून परतला, तेव्हा अकबर बादशहासाठी तंबाखू आणि रत्नजडित हुक्का घेऊन आला. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. दरबारच्या हकीमाने हरकत घेतली. ह्या वस्तूची आपल्याला पारख नाही, परदेशी लोक घेतात एवढ्यावरून ती घेणे बरे नव्हे, असा त्याचा रोख होता. बादशहाने पुढे स्वतः ती घेतली नाही, परंतु दरबारी मंडळींनी मात्र मागून घेतली. जहांगिराने १६१७ साली बंदीचा हुकूम काढला, तोवर उशीर झालेला होता. मला ह्या कथेत हकीमापेक्षा तो हुक्काच महत्त्वाचा वाटतो. नुसती सुकी पाने आणली असती तर दरबार एवढा मोहला असता का, शंकाच आहे.

आता भिवंडीत येऊ. हे माग आणि गोदामांचे गाव. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, रात्रभर मागांचा खडखडाट, हवेत कापसाची तूस. जागे राहायला गालात तंबाखूची चिमूट धरणारे कामगार येथे मुलांना रोज दिसतात. घरात आई किंवा आजी मशेरी लावते, तेही दिसते. पाहणीचे आकडे तेच सांगतात. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील प्रौढांपैकी शेकडा २६.६ लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. पण धूर काढणारे शेकडा ३.८ इतकेच होते. बाकीचा सारा तंबाखू चघळण्याचा, घासण्याचा. म्हणजे आपल्या मुलांना तंबाखू ओळखीचा आहे, तो धुरावाटे नव्हे. डाग, पिंक आणि वास ह्यांवाटे. २०१९ साली १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची देशभर पाहणी झाली. तिच्यात शेकडा ८.५ मुले तंबाखू घेत असल्याचे आणि शेकडा २.८ मुलांनी इलेक्ट्रॉनिक सिगारेट निदान एकदा तरी ओढून पाहिल्याचे आढळले. दुसरा आकडा लहान आहे, पण शंभर मुलांच्या शाळेत ती तीन मुले कोणती, हे कोणत्याही मुख्याध्यापकाला सांगता येईल असे मला वाटत नाही.

त्याचे कारण भिवंडीतल्या एका आईने मला सांगितले. तिच्या नववीतल्या मुलाच्या कंपासपेटीत अशी एक नळी सापडली. शाळेचे नाव सांगण्याची गरज नाही, असे कोणत्याही शाळेत होऊ शकते. शिक्षक माझे जुने विद्यार्थी, म्हणून त्यांनी मला बोलावून घेतले. आई लूमवर कांड्या भरायला जाते. ती पुनःपुन्हा एकच म्हणत होती, “सर, घरात कधी वासच नाय आला. वास आला असता तर त्याला तिथंच धरला असता.”

ह्या बाईने सारा विषय एका वाक्यात मांडला, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. आजवर आपली मुले बिडीपासून वाचली ती आपल्या उपदेशाने फारशी नव्हे. त्यांना वाचवणारे दोन पहारेकरी होते. एक ठसका. पहिला झुरका घेतला की छाती उलटून येई आणि दहांपैकी काही मुले तिथेच बिडी टाकून देत. दुसरा वास. शर्टाला, केसांना, बोटांना लागलेला तो वास आईच्या नाकातून सुटत नसे. नव्या यंत्राने हे दोन्ही पहारेकरी कामावरून काढून टाकले. त्यातले निकोटिन पुष्कळदा क्षाराच्या रूपात असते, त्यामुळे घशाला चरचरत नाही आणि ठसका लागत नाही. वास येतो तो आंब्याचा नाही तर पुदिन्याचा, आणि तोही घटकाभरात उडून जातो. बाहेरचा पहारा असा उठल्यावर मुलाच्या मनात जी समज असेल तेवढाच पहारा उरला. म्हणून शिकवणे आले. दप्तरे तपासून भागणार नाही.

शिकवावे कसे? मी प्रयोगापासून सुरुवात करा म्हणेन. खर्च गुळाच्या खड्याचा. पातेल्यात गुळाचे पाणी मंद आचेवर उकळत ठेवा, वर स्वच्छ झाकण धरा, पाणी उसळून झाकणाला लागणार नाही एवढी काळजी घ्या. झाकणावर जमलेले थेंब चमच्यात घेऊन निवल्यावर मुलांना चाखू द्या. ते गोड लागत नाहीत. गूळ पातेल्यात राहिला, वर गेली ती नुसती पाण्याची वाफ. आता तेच गुळाचे पाणी केशकर्तनालयात असते तसल्या फवाऱ्याच्या बाटलीत भरा, ताटलीवर फवारा आणि वाळू द्या. बोट लावले तर चिकट, जिभेला लावले तर गोड. मग मुलांना विचारा की नळीतून येणारे धुके ह्या दोहोंपैकी कोणासारखे?

मुले थोडा वाद घालतील, घालू द्यावा. चुणचुणीत मुलगा म्हणेल की नळीतही द्रव तापतोच, मग तीही वाफच झाली. त्याला शाबासकी द्यावी आणि पुढचे सांगावे. गूळ उडत नाही, पण निकोटिन आणि वासाची द्रव्ये उडणारी आहेत, तीही बरोबर येतात. आणि हवेत शिरताच सगळे मिळून त्याचे बारीक थेंब होतात. नाकातोंडापुढे जो पांढरा लोट दिसतो तो त्या थेंबांचाच. शुद्ध वाफ डोळ्यांना दिसतच नाही. तेव्हा पोचते ती वाफ नव्हे, फवारा. शेतकऱ्याच्या मुलाला ह्याहून अधिक सांगावे लागत नाही. पाठीवर पंप घेऊन भातावर फवारणी करताना आपले वडील तोंडाला फडके का बांधतात, हे त्याला पक्के ठाऊक असते.

मुले आणखी एक मुद्दा काढतील, कारण मोबाईलवर तो त्यांनी वाचलेला असतो. ग्लिसरीन तर खाण्याच्या पदार्थांत घालतात! घालतात, हे खरे आहे. शेंगदाण्याचे तेलही भाकरीबरोबर चांगले लागते, पण त्याचा थेंब श्वासनळीत गेला तर काय होते? पोटाला चालते ते फुप्फुसाला चालतेच असे नाही. तापलेल्या तारेतून निकेल, शिसे असल्या धातूंचे सूक्ष्म अंश त्या धुक्यात येतात आणि द्रव जास्त तापला तर फॉर्माल्डिहाइड तयार होते, हेही सांगावे. पण त्यावर फार वेळ घालवू नये. मुलाचे खरे नुकसान करते ते निकोटिन.

निकोटिन म्हणजे काय, हे शहरातल्या शिक्षकापेक्षा खेड्यातल्या शिक्षकाला समजावणे सोपे. वालावर, चवळीवर मावा पडला की तंबाखू उकळून त्याचे पाणी मारण्याची रीत जुनी आहे. तंबाखूचे झाड हे द्रव्य आपल्या मुळांत तयार करून पानांत पाठवते, ते किड्यांना दूर ठेवण्यासाठी. किड्याच्या मज्जातंतूंत जो निरोप्या काम करतो, त्याचे सोंग घेऊन निकोटिन आत शिरते. खोटे निरोप एवढे धावतात की किडा थरथरून मरतो. निकोटिन सल्फेट नावाचे कीटकनाशक पूर्वी विकत मिळे, पुढे आपल्या देशात ते वापरायला बंदी झाली. ओल्या तंबाखूच्या पानांत राबणाऱ्या मजुरांना कातडीवाटे निकोटिन अंगात जाऊन चक्कर येते, उलट्या होतात. निपाणीकडील तंबाखूच्या पट्ट्यातल्या श्रोत्यांना तंबाखूच्या कामातला हा त्रास नवा वाटणार नाही.

“मग माणूस मरत का नाही?” हा प्रश्न येणारच. मात्रा अगदी थोडी असते म्हणून मरत नाही. पण तोच खोटा निरोप्या काही सेकंदांत मेंदूत पोचतो आणि तिथे बक्षीस मिळाल्याचा आनंद देतो. मेंदूची घडण विशी ओलांडून साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. घर बांधत असताना ओल्या गिलाव्यावर पाऊल पडावे, तशी ही सवय कोवळ्या वयात मेंदूवर उमटते. सिगारेट निदान संपते तरी. ही नळी संपल्याचे कळत नाही, त्यामुळे किती ओढले ह्याचा हिशेब राहत नाही. अमेरिकेत २०१५ साली बाजारात आलेल्या ‘जूल’ ह्या नळीच्या एका कुपीत सुमारे वीस सिगारेटींच्या पाकिटाइतके निकोटिन असे.

शिक्षकांच्या उपयोगाची एक गोष्ट येथेच सांगतो. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. सकाळी घरून निघताना ओढलेला मुलगा तिसऱ्या तासाला चुळबुळ करू लागतो, चिडतो, लघवीला जाऊ का म्हणून दोनदा विचारतो. अशा मुलाला आपण वात्रट म्हणतो. प्रत्येक वात्रट मुलगा नळी ओढतो असे मात्र कृपा करून समजू नका!

ह्यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो आहे खरे बोलण्याचा. मुलांना भिववण्याचा मोह शिक्षकाला फार होतो. एक झुरका घेतला की फुप्फुसे जळाली, महिन्याभरात मरण, असे तक्ते भिंतीवर लागतात. मुलगा पाहतो की शेजारचा दादा सहा महिने ओढतो आहे आणि क्रिकेटही खेळतो आहे. त्या दिवसापासून शिक्षकाचा शब्द गेला, आणि मग खरेही खोटे ठरते. उदाहरण देतो. २०१९ साली अमेरिकेत अशा नळ्या ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या आजाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ लोक रुग्णालयांत गेल्याची किंवा दगावल्याची नोंद झाली आणि ६८ मेले. एवढेच सांगून थांबले तर ते अर्धसत्य होईल. त्यांतल्या बहुतेकांनी गांजातील मादक द्रव्य घातलेला द्रव ओढला होता, आणि त्यात भेसळ म्हणून मिसळलेले ई-जीवनसत्त्वाचे एक तेलकट रूप त्या साथीशी सर्वांत जवळून जोडले गेले. पूर्ण हकीकत सांगा. तिच्यातून निघणारा अर्थ आपल्या मुलांना अधिक लागू आहे. नळीत काय भरले आहे, हे घेणाऱ्याला कळत नाही. आपल्याकडे तर हा सारा माल चोरीचा, त्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणार कोण?

तसेच, इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षे सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांना सिगारेट सोडण्यासाठी ह्या नळीकडे वळायला डॉक्टर सांगतात, हे मुलाने वाचले असेल तर नाकारू नका. आगीतून फुफाट्यात येणे, हा आगीत असलेल्याला थोडा फायदाच आहे. जो ओट्यावर सावलीत बसला आहे त्याने फुफाट्यात का उतरावे? त्याच इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालील मुलाला ही नळी विकणे गुन्हा आहे, आणि एकदा वापरून फेकायच्या नळ्यांवर १ जून २०२५ पासून तिथे बंदीही आली.

खरे बोलण्यात शिक्षकाने स्वतःचा खिसाही धरला पाहिजे. वर्गात निकोटिनवर धडा आणि मधल्या सुट्टीत चुन्याची डबी, हे मुले पाहतात आणि घरी जाऊन सांगतात. तंबाखूमुक्त शाळेचे जे सरकारी नियम आहेत, त्यांत शाळेच्या आवारात तंबाखू घ्यायला कुणालाच मुभा नाही. शिक्षकाला नाही, शिपायाला नाही आणि पाहुण्यालाही नाही. पण मी तर म्हणेन, ज्या शिक्षकाला सवय आहे आणि सुटत नाही, त्याने ते मुलांना सांगून टाकावे. केव्हा लागली, किती वेळा सोडायचा प्रयत्न केला, पहिल्या दिवशी काय होते. त्याच्याइतका जाणकार वक्ता बाहेरून आणून मिळणार नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम काढून आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा करून इलेक्ट्रॉनिक सिगारेट बनवणे, आणणे, नेणे, विकणे, वाटणे, साठवणे आणि तिची जाहिरात करणे बंद केले. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. भिवंडी तालुक्यातल्या श्रोत्यांनी ह्यातील एक कलम नीट ऐकावे. आपली जागा ह्या मालाच्या साठ्यासाठी जाणूनबुजून वापरू देणाऱ्या मालकाला किंवा भोगवटादारालाही सहा महिन्यांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ ह्या गावांत शेतांच्या जागी गोदामे उभी राहिली आहेत आणि भाडे येते म्हणून आत काय आहे हे पाहायला कुणी जात नाही. ज्यांची गोदामे भाड्याने दिलेली आहेत त्यांनी एकदा तरी आत चक्कर टाकावी. शिवाय मुलाच्या हाती तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या ७७व्या कलमाप्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा आहे.

लक्षात घ्या, ह्या साऱ्या कलमांचा रोख देणाऱ्यावर आहे, मुलावर नाही. तरी शाळेत नळी सापडली की पहिला विचार येतो तो दाखला हाती देण्याचा. त्या नववीतल्या मुलाबद्दलही तोच विचार चालला होता. भिवंडीत शाळेबाहेर काढलेल्या चौदा वर्षांच्या मुलाचे काय होते, ते मी सांगायला नको. तो दुसऱ्या दिवशी मागावर किंवा गोदामात कामाला लागतो. मी मुख्याध्यापकांना एवढेच विचारले की नळी त्याला कुणी दिली, हे त्याच्याकडून कळेपर्यंत तरी तो शाळेत असायला नको का? त्यांनी दाखला परत कपाटात ठेवला. नळी कुणी दिली ते मुलाने तीन आठवड्यांनी सांगितले, तेही वर्गशिक्षिकेला एकटीला. अजून तो शाळेत येतो. नळी पूर्ण सुटली आहे का, हे विचारायला मी गेलो नाही. तो त्याच्या बाईंचा आणि त्याचा व्यवहार आहे.

शिकवण्याचा खरोखर उपयोग होतो का, असे विचारणारे पुष्कळ असतात. दिल्ली आणि चेन्नई येथील ३२ शाळांत २००४ ते २००६ ह्या काळात ‘मैत्री’ नावाचा एक प्रयोग झाला. सहावी आणि आठवीच्या मुलांना दोन वर्षे तंबाखूबद्दल शिकवले गेले, पण भाषणांनी नव्हे. वर्गातल्याच मुलांना पुढारी केले, खेळ घेतले, नाही म्हणण्याचा सराव करवला. जिथे हे झाले त्या शाळांत तंबाखूचे प्रमाण शेकडा १७ने घटले. जिथे झाले नाही तिथे ते शेकडा ६८ने वाढले. मुलाला ‘वाईट’ काय हे माहीत असतेच. त्याला अडचण पडते ती मित्राने नळी पुढे केल्यावर तोंडातून शब्द कसा काढावा ह्याची. ते वर्गात नाटुकले करून घोकून घ्यावे लागते. भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा भाषांच्या शाळा शेजारी शेजारी भरतात. मुले ज्या भाषेत मैत्री करतात त्याच भाषेत हा सराव व्हावा. पुस्तकी मराठीतला “मला नको, धन्यवाद” येथे चालत नाही. एका मुलीने सरावात सुचवलेले उत्तर मला फार आवडले. ती म्हणाली, “माझा मावा नाय पडलाय, मला फवारा नको.”

ज्याला सवय लागलीच आहे, त्याच्यासाठी केंद्र सरकारने चालवलेली दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १८००-११-२३५६. फोनला पैसे पडत नाहीत. मुलाला एकट्याने फोन करायचा संकोच वाटला तर शिक्षकाने किंवा आईने लावून द्यावा आणि फोन त्याच्या हाती देऊन आपण खोलीबाहेर जावे.